एकच अल्बम काढून थांबलेला बँड

कॉलेजात चार वर्षं वाजवलं, गॅदरिंगमध्ये गाणी केली आणि कॅम्पसमधून नोकऱ्या लागल्याबरोबर बँड संपला. पोरं पुण्याला, बेंगळुरूला गेली. नागपुरात हे दर उन्हाळ्यात होतं आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी त्यावरून वाजतं. यंदा आमच्या घरी वाजलं, भाच्यामुळे. दादा फॅमिली ग्रुपवर म्हणाला, "टिकवायचंच नव्हतं तर सुरू काऊन केलं?" ताईचं म्हणणं, अभ्यास सांभाळून छंद केला, बिघडलं काय? शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर तिसराच सूर होता: नागपुरात असल्या संगीताला स्कोपच नाही, इथे राहून कोण काय करणार?

तिघंही आपापल्या जागी कळकळीने बोलत होते. पण तिघांनीही एक गोष्ट धरूनच चालली होती, की जे टिकतं तेच खरं काम, बाकी सगळा टाइमपास. मी अमेरिकेतल्या ज्या शहरात राहतो, त्या सिएटलमधल्या एका बँडने मला याच्या उलट विचार करायला लावलं.

बेन गिबर्ड हा सिएटलकडचा गायक. त्याचा मुख्य बँड डेथ कॅब फॉर क्युटी, गिटार-ड्रम्सवाला. लॉस एंजेलिसला जिमी टँबोरेलो नावाचा संगीतकार सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर काम करायचा, 'डीन्टेल' या नावाने. 2001 मध्ये टँबोरेलोच्या अल्बमवर गिबर्ड एक गाणं गायला. दोघांना ते आवडलं आणि अख्खा अल्बम करायचं ठरलं. दोन शहरांत रस्त्याने हजार मैलांहून जास्त अंतर, दोघांची आपापली कामं. मग टँबोरेलो वाद्यांचं रेकॉर्डिंग करून टपालाने पाठवायचा, गिबर्ड त्यावर चाल आणि शब्द बसवून, आवाज भरून परत पाठवायचा. म्हणून बँडचं नाव पडलं द पोस्टल सर्व्हिस. जेनी लुईस ही गायिका सोबतीला आली. फेब्रुवारी 2003 मध्ये सब पॉप या सिएटलच्या कंपनीने 'गिव्ह अप' हा त्यांचा अल्बम काढला. दहा गाणी. स्टुडिओचा दुसरा अल्बम आजतागायत आलेला नाही.

त्यातलं 'सच ग्रेट हाइट्स' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला सिंथेसायझरचे बारीक बारीक ठिपके एका कानातून दुसऱ्या कानात उड्या मारतात, मग खाली बीट येतो आणि त्यावर गिबर्डचा साधा, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज. यंत्राचं संगीत कोरडं असतं असं मानणाऱ्याने हे एकदा ऐकावंच. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड ऐकत मोठी झालेली पिढी आहे, तिला हा आवाज परका वाटायचं काही कारण नाही.

पुढची हकिगत अशी. 2003 मध्येच अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावर हरकत घेऊन नोटीस पाठवली. प्रकरण कोर्टात न जाता समझोता झाला: नाव वापरा, बदल्यात टपालाचा प्रचार करा. बँडने खात्याच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत गाणी केली आणि खात्याने आपल्या वेबसाइटवर त्यांची सीडी विकायला ठेवली. तोवर बँडचं काम जवळपास थांबलंच होतं. 2003 मध्येच डेथ कॅबचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' आला आणि गिबर्ड तिकडे गुंतला. अल्बम मात्र विकला जात राहिला. 2012 मध्ये त्याला अमेरिकेत प्लॅटिनम मिळालं, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा. सब पॉपच्या इतिहासात खपात त्याच्या पुढे एकच अल्बम, निर्व्हाना या गाजलेल्या रॉक बँडचा 'ब्लीच'. 2013 मध्ये दहा वर्षांच्या निमित्ताने ते दौऱ्यावर निघाले आणि दौरा संपल्यावर पुन्हा थांबले. 2023 मध्ये गिबर्डने 'गिव्ह अप' आणि 'ट्रान्सअटलांटिसिझम' हे दोन्ही अल्बम एकाच मैफलीत वाजवले. जोडकाम आणि मुख्य काम शेजारी शेजारी, सारख्याच मानाने.

दादा म्हणेल, तो अमेरिकेतला एखादाच, त्याचं काय घेऊन बसलास. खरं आहे. लाखात एखादाच अल्बम असा चालतो, आणि गिबर्डचा मुख्य बँड चालत होता म्हणूनच त्याला दुसरीकडे हात घालता आला. इकडच्या सगळ्या वादकांचं सोनं झालंय अशीही समजूत नको. तिशीतले वादक कॉफीच्या दुकानात काम करतात, चौघांत मिळून भाडं भरतात, आणि नोकरी सुटली की बहुतेकांचा आरोग्य विमाही जातो. नागपुरातल्या पोराला घरची खोली असते, आईच्या हातचं जेवण असतं. त्या बाबतीत आपली पोरं कितीतरी सुखात आहेत.

"तिकडे वातावरणच वेगळं" हे जे मित्र म्हणतात, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. सिएटलमध्ये 1985 साली एक नियम झाला होता. अठरा वर्षांखालच्या मुलांना घेऊन नाच-गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा, तर आयोजकाने दहा लाख डॉलरचा विमा काढायचा आणि आणखी बऱ्याच अटी पाळायच्या. छोट्या आयोजकांना ते शक्यच नव्हतं. पोरापोरींना गाणी ऐकायला जागा उरली नाही. ज्या शहरातून निर्व्हानाचे रेकॉर्ड निघाले, त्या शहरातला हा नियम. वादक, आयोजक, तरुण मुलं वर्षानुवर्षं नगर परिषदेशी भांडली, तेव्हा 2002 मध्ये तो रद्द झाला. त्याच लढ्याच्या काळात, 2001 मध्ये, द व्हेरा प्रोजेक्ट नावाची जागा उभी राहिली. तिथे मुलं स्वतः साउंड सांभाळायला शिकतात, तिकीटं फाडतात, वाजवतात आणि ऐकतात. वातावरण म्हणतात ते असं, माणसांनी भांडून मिळवलेलं.

नागपुरात सभागृहांची वानवा नाही. रेशीमबागेत 2017 पासून सुरेश भट सभागृह आहे, पण ते दोन हजार माणसांचं. देशपांडे सभागृहही मोठंच. स्वतःची चार गाणी घेऊन आलेल्या पोरांना दीडशे माणसांची खोली लागते, बरा साउंड लागतो आणि महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ लागते. त्या संध्याकाळी फक्त स्वतः रचलेली गाणी वाजवायची, हिंदी सिनेमाची फर्माईश नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. लोककलांसाठी ते जे करतं त्याचा मला आदर आहे. त्या आवारातली एक संध्याकाळ या पोरांसाठी मागितली तर गैर काय?

टिकवण्याला मान द्यायलाच हवा. पन्नास वर्षं चालवलेल्या गणेश मंडळामागे किती जणांच्या रात्री असतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. पण बँडचं काम वर्षांत मोजता येत नाही. तो फुटण्याआधी त्याने गाणी पुरी केली का, रेकॉर्ड केली का, एवढंच मी विचारीन. टँबोरेलो आणि गिबर्ड यांनी दहा गाणी पुरी केली, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलता येतं.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये सहा गाणी आहेत. मला त्याने दोन पाठवली. मे महिन्यात प्रतापनगरच्या त्या वरच्या खोलीत आवाज टिपायचा म्हणून कूलर बंद करायचे. एक टेक झाला की कूलर चालू, पाच मिनिटं गार व्हायचं, की पुन्हा बंद. दुसऱ्या गाण्यात शेवटच्या ओळीनंतर कोणीतरी "कर बे चालू" म्हणतो, तेही तसंच राहिलंय. बेसचा आवाज कच्चा आहे, मधल्या कडव्याला चालच नाही. पण मुखडा ऐकून मी तो लगेच पुन्हा लावला, आणि भाचा आहे म्हणून नाही.

चौघं आता तीन शहरांत आहेत. टँबोरेलो आणि गिबर्डला टपालाची वाट पाहावी लागायची, यांना फाइल पाठवायला मिनिटभर पुरे. तेव्हा दादा, पोराला नोकरी सोड असं मी सांगून राहिलेलो नाही. नोकरी करू दे. रविवारी दुपारी त्याला फोन करून लग्नाचं विचारण्याऐवजी त्या दुसऱ्या गाण्याचं मधलं कडवं झालं का ते विचार. ताई, वरची खोली दिवाळीपर्यंत भाड्याने देऊ नकोस, चौघं सुट्टीला घरी येतील तेव्हा आवाज तिथेच भरायचे आहेत. सहाच्या सहा गाणी पुरी झाली की मिक्सिंगचा खर्च माझा. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीच एकत्र वाजवलं नाही तरी चालेल.