'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: बँडवाल्यांनी गोळी कधी झेलली?

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

नेलर हॉल या ब्रिटिश फौजेच्या जुन्या संगीतशाळेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटिश फौजेने बँड मोडले ते खर्च वाचवायला, आणि बरंच केलं. वादकांचा सन्मान वगैरे म्हणजे भावनेचा पूर. मराठी ब्लॉगवर गोऱ्यांचं कौतुक कशाला? आणि मधेच एक वाक्य: "गणवेश घालून पिपाण्या फुंकणाऱ्यांनी गोळी कधी झेलली ते तरी सांगा." त्यापुढे तीन हसरे चेहरे.

मतभेदाचं मला वावडं नाही, इथले जुने वाचक ते जाणतात. पण ते तीन चेहरे कशासाठी? ओळखदेख नसताना कुणाच्या घरात चपलांसकट शिरून गादीवर बसावं, तसा हा सूर आहे. शिवाय टोपणनावाआडून.

एक गोष्ट मान्य करतो. फौज आकसली की बँडही कमी होणार. शीतयुद्ध संपल्यावर ब्रिटनने सैन्य घटवलं, 1994 मध्ये पलटणींचे स्वतःचे बँड मोडून त्यांतून मोजके बँड उभे केले आणि ते कोअर ऑफ आर्मी म्युझिक या लष्कराच्या संगीत विभागाच्या हाताखाली दिले. तो हिशेबाचा भाग होता. 'बँड मोडू नका' असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. ज्यांनी आयुष्य तिथे घातलं त्यांना सैनिकासारखा निरोप द्या, एवढीच मागणी होती.

आता गोळीचं बघू. तुम्ही विचारलंत, मग ऐका.

20 जुलै 1982. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये रॉयल ग्रीन जॅकेट्स या पलटणीचा बँड भर दुपारी लोकांसाठी वाजवत होता. आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने बँडस्टँडखाली बॉम्ब ठेवला होता. 7 वादक गेले. 22 सप्टेंबर 1989. केंटमधल्या डील गावी रॉयल मरीन्स या ब्रिटिश नौदलाच्या सैनिकी दलाच्या संगीतशाळेत पुन्हा आयआरएचाच बॉम्ब, 11 वादक गेले. आठवड्याभरात तिथला बँड डीलच्या रस्त्यांवरून वाजवत निघाला, मेलेल्यांच्या जागा रांगेत तशाच मोकळ्या सोडून. यावर टाका तुमचे चेहरे.

"हा दहशतवाद झाला, रणांगण कुठंय?" असं तुम्ही म्हणणार. तुमची पद्धत आता कळली आहे, म्हणून तेही सांगून ठेवतो. फॉकलंडच्या लढाईत, 1982 मध्येच, रॉयल मरीन्सचे वादक 'कॅनबेरा' जहाजावर जखमींची स्ट्रेचर वाहत होते. 1991 च्या आखाती युद्धात ब्रिटिश पलटणींचे बँडवाले वैद्यकीय मदतनीस म्हणून वाळवंटात गेले. हे त्यांचं युद्धातलं ठरलेलं काम, हौसेचं नव्हे. अमेरिकेचं हवं असेल तर 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बर: 'ॲरिझोना' युद्धनौकेच्या बँडमध्ये 21 जण होते. हल्ला सुरू झाल्यावर ते वाद्यं टाकून दारूगोळा वर पोचवायच्या आपल्या जागेवर गेले. एकही वाचला नाही.

आणि आता घरचं सांगतो. सांगायचं नव्हतं, पण तुम्ही भाग पाडलंत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भारतीय पायदळाच्या एका पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. 1971 ला पलटण सीमेवर निघाली तेव्हा वाद्यांच्या पेट्या छावणीत राहिल्या आणि बँडवाल्यांच्या हाती स्ट्रेचर आली. स्ट्रेचरचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं तो परत आला नाही. अण्णा त्याचं नाव घेत नसत. 'आमचा ट्रॉम्बोनवाला' म्हणायचे आणि विषय बदलायचे. निवृत्तीनंतर ते गडहिंग्लजला लग्नाच्या बँडमधल्या पोरांना नोटेशन शिकवत. तेही पिपाणीवालेच, नाही का? ज्या घरात हे पाहिलं, त्या घरातल्या माणसाला तुम्ही सैनिक कोण आणि कोण नव्हे ते शिकवू नये, एवढी अपेक्षा ठेवतो.

खर्चावर तुम्ही सर्वांत जास्त ओळी लिहिल्या आहेत. त्यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही. कुठल्याही देशाच्या संरक्षण खात्यात काटछाट करायला बँडच्या आधी पुष्कळ काही सापडेल.

राहिलं गोऱ्यांचं कौतुक. मी लंडनच्या हाउन्सलोला राहतो. नेलर हॉल आमच्या शेजारच्या व्हिटनमध्ये, तिथल्या उन्हाळी मैफली मी हिरवळीवर बसून ऐकल्या आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये ती वास्तू फौजेने सोडली, त्यावर मी लिहायचं नाही तर कुणी? आणि कौतुक म्हणता? त्याच लेखात तुर्कस्तानातल्या स्कुटारी या ब्रिटिश तळावरची फजिती लिहिली आहे. 1854 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात पलटणींच्या बँडांनी एकच राष्ट्रगीत एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवलं, ड्यूक ऑफ केंब्रिज या सेनापतीची मान खाली गेली आणि त्यातून 1857 मध्ये नेलर हॉलची शाळा निघाली. हे तुम्हाला कौतुक वाटलं असेल तर तुम्ही चौथा परिच्छेद वाचलेला नाही. बहुधा दुसराही नाही.

पुढचा लेख पचमढीवर आहे, 1950 मध्ये जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने तिथे निघालेल्या आपल्या लष्करी संगीत शाळेवर. तेव्हा गोऱ्यांचा आक्षेप चालणार नाही, दुसरा शोधून ठेवा. प्रतिक्रिया आली तर छापेन, फक्त खाली खरं नाव लिहा.