सोळा तासांची रात्र

आमचं मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान डिसेंबरातल्या एका रात्री दोनला सुटणार होतं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला पोचणार होतं. तिकिटावरच्या वेळा वाचून मेव्हणा म्हणाला, "साडेपाच तास? आमची पुणे-नागपूर बस याच्या दुप्पट वेळ घेते!" मधले साडेदहा तास अमेरिकेचं घड्याळ गिळतं, हे त्याला सांगत बसलो नाही. प्रत्यक्षात बसायचं १६ तास, अंतर साडेबारा हजार किलोमीटर, आणि सगळा प्रवास अंधारात. विमान पश्चिमेकडे पळत असतं, हिवाळ्यातला सूर्य आधीच आळशी, त्यामुळे न्यूयॉर्क येईपर्यंत उजाडतच नाही. कुंभकर्णासाठी उत्तम सोय, फक्त तो १७ इंची खुर्चीत मावायला हवा.

वेळ कसा घालवायचा यावर निघण्याआधी सगळ्यांनी सल्ले दिले होते. "सरळ झोपून जायचं" असं सांगणारे लोक एकतर बिझनेस क्लासने गेलेले असतात किंवा कुठेच गेलेले नसतात. वाचावं म्हटलं तर डोक्यावरच्या दिव्याचा उजेड माझ्या पुस्तकावर न पडता शेजारच्या गृहस्थांच्या टकलावर पडायचा. ते झोपेतच डोळ्यांवर हात धरायचे. चार पानांनंतर मीच ओशाळून दिवा घालवला.

राहिला सिनेमा. पडद्यावर शेकडो सिनेमे असतात आणि त्यांतला कुठला बघायचा हे ठरवण्यात पाऊण तास मजेत जातो. खरी करमणूक तेवढीच. मी एक लावलाही. पण पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीतून एका तरुणाचा सिनेमा दिसत होता आणि तो माझ्या सिनेमापेक्षा फारच सरस निघाला. आवाज नाही, खालची अक्षरं वाचता येत नाहीत, तरी मला पक्कं कळलं की पिवळ्या साडीतली बाई सख्खी आई नाही, घर गहाण पडलंय आणि वकील फितूर आहे. ऐन कोर्टाच्या सीनला त्या पठ्ठ्याने सिनेमा थांबवला आणि घोरायला लागला! वकिलाचं तोंड उघडं ते उघडंच. सिनेमाचं नाव माहीत नाही, त्यामुळे माझ्या पडद्यावर शोधायचीही सोय नाही.

"अहो, लोकांच्या पडद्यात किती डोकवाल?" ही म्हणाली. ती स्वतः मघापासून पलीकडच्या बाईच्या मोबाइलमधला कुणाचा तरी साखरपुडा बघत होती. मुलीकडच्यांनी खर्च बरा केला होता म्हणे.

जेवणाच्या बाबतीत हिने आधीच डोकं लढवून जैन जेवण नोंदवलं होतं. विशेष जेवणं आधी वाढतात, ही भिशीत मिळालेली माहिती खरी निघाली. बाकीची जनता ट्रॉलीकडे माना वाकड्या करून बघत असताना आम्ही कांदा-बटाट्याविना जेवून मोकळे. मोकळे म्हणजे काय, रिकामी ताटं उचलायला कुणी येईपर्यंत त्या फळीमागे तासभर स्थानबद्ध. चवीचं तर विचारू नका. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्याहूनही वर बसून जेवतो. त्यात हवा इतकी कोरडी की आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली. नाक सुकतं आणि मीठ-साखर जिभेला नीट लागत नाही. हे सगळं मी हिला समजावत होतो, तोवर तिने पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. माझं विज्ञान तिथेच थांबलं. टकलाचे गृहस्थ मात्र खडबडून जागे झाले.

"सोलापूरची का हो?"

पुडी अर्ध्यावर आली.

विमानातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो नकाशा. बाहेर उणे ५५ अंश वगैरे ठीक आहे, पण कोपऱ्यात 'बाकी वेळ' दाखवायची काही गरज आहे का? एकदा बघितलं तेव्हा ९ तास ४० मिनिटं होती. डुलकी काढली, घोटे फिरवले, परत बघितलं, तर ९ तास ३५. इतक्या उंचीवरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना जास्त वेळ आणि येताना दीड-दोन तास कमी. जाताना हे ऐकून कुणाचं समाधान होत नाही.

शेवटी पाय मोकळे करायला उठलो तो थेट विमानाच्या शेपटाकडे. तिथे संडासांच्या दारात आपल्या लोकांचा कट्टा भरला होता.

"लाइनीत आहात का?"

"छे, आम्ही असेच."

"एडिसन?"

"नाही हो, बफेलो. लेकीचं बाळंतपण."

"सहा महिने?"

"सहा महिने."

कुणाच्या बॅगेत डिंकाचे लाडू किती किलो, आणि जावई ते खाईल का, यावर मग परिसंवाद. ज्याला खरंच जायचं होतं तो बिचारा मागे ताटकळत राहिला.

परतताना शेवटच्या रांगेत एक आजी दिसल्या. स्वेटरवर शाल, समोरचा पडदा काळा, मांडीवर कापसाची पिशवी. चिमूटभर कापूस चपटा करायचा, मध्ये धरून वर ओढायचा, दुधाचं बोट लावून टोकाला पीळ द्यायचा, की झाली फुलवात. दूध कुठलं? कॉफीबरोबर देतात त्या इवल्याशा डबीतलं. तशा डब्यांची चळत त्यांनी खिशात जमवली होती.

"तिकडे मिळत नाहीत का फुलवाती?"

"सगळं मिळतं. पण मला लाख करायच्यात. बासष्ट हजार घरी झाल्या, आज सातशे. हे मध्ये कुठे थांबतं का हो?"

"नाही, थेट."

"बरं झालं. हात बसला की उठवतात मेले."

शेजारची खुर्ची रिकामी होती. "उभ्या उभ्या काय करताय, बसा," म्हणून त्यांनी माझ्या हातात कापूस ठेवला. माझ्या वातींना टोक म्हणून येईना. आजी त्या उलगडायच्या, पुन्हा वळायच्या आणि मगच मोजणीत धरायच्या. तिकडे पुढे तो तरुण बहुतेक जागा झाला असावा, पण वकिलाचं काय झालं हे बघायला जावंसं वाटेना.

न्यूयॉर्क जवळ आलं आणि कॅप्टनने जाहीर केलं की खाली गर्दी आहे, अजून ४० मिनिटं वरच घिरट्या घालाव्या लागतील. विमानभर उसासे. ही पुढून मान उंच करकरून मला शोधत होती.

"शंभर होतील तेवढ्यात," आजी म्हणाल्या.

फळी बंद करा, असं हवाईसुंदरी दोनदा सांगून गेली. आजींनी फळी बंद केली, शाल मांडीवर पसरली आणि दुधाची नवी डबी उघडून माझ्या हातात दिली.

"तुम्ही वळू नका. नुसतं हे धरा."