देहदानाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘मेडिकल कॉलेजात आता सगळे प्लास्टिकच्या मॉडेलवर शिकवतात, देह लागत नाहीत, भरलेले देहदानाचे फॉर्म रद्द झाले,’ असा संदेश कापूस वेचणीच्या धामधुमीत आर्वी तालुक्यातील आमच्या गावाच्या गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. शरीररचनाशास्त्र विभागात मी अनेक वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

मॉडेल वापरतात, हे खरे आहे आणि ते उपयोगीही आहे: हृदयाचे झाकण उघडून चारही कप्पे दाखवता येतात. परंतु मॉडेलवर धमनी लाल, शीर निळी आणि मज्जातंतू पिवळा रंगवलेला असतो. फॉर्मॅलिनमध्ये राखलेल्या देहात मात्र धमनी व मज्जातंतू दोन्ही फिकट दिसतात, आणि पोकळ नळी कोणती व भरीव दोरी कोणती, हे विद्यार्थ्याला बोटांच्या चिमटीत धरूनच ओळखावे लागते. शिवाय रक्तवाहिन्यांच्या फांद्या प्रत्येक माणसात थोड्या वेगळ्या असतात. साच्यातून निघालेली मॉडेल मात्र सारखीच.

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही शवविच्छेदन (पोस्टमॉर्टेम नव्हे, तर देह उघडून शरीररचना शिकणे) आहे, आणि महाराष्ट्रात देह स्वीकारण्याची व्यवस्था १९४९ च्या शरीररचना कायद्यानुसार चालते. फॉर्म भरलेल्या आपल्या आजी-आजोबांना कृपया हे समजावून सांगा. ज्यांनी तो संदेश पाठवला, त्यांनी काळजीपोटीच पाठवला असेल; आता तो पुढे पाठवू नये आणि त्याच गटात हा खुलासा टाकावा, ही विनंती.