फाटक जाण्याआधी त्याची नोंद करा

परवा एका मित्राने फोटो पाठवला. घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी घंटा, दिवाणखान्याच्या भिंतीवर. ‘रेल्वे फाटकावरची आहे, भंगारवाल्याकडून घेतली. तुला आवडेल.’ मी विचारलं, कुठल्या फाटकावरची? त्याला माहीत नव्हतं, भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

मी सुट्टीच्या दिवशी जुनी फाटकं, खांबावर हात असलेले सिग्नल आणि घंटा यांच्या नोंदी करत फिरतो. फाटकाचा नंबर, ते कितव्या किलोमीटरवर आहे, मागचं-पुढचं स्टेशन, ओतीव लोखंडावर उठवलेलं कारखान्याचं नाव, फोटो आणि आवाज. सॅक्सबी अँड फार्मर हे नाव रंगाच्या पाच-सहा थरांखाली बोटाने चाचपून वाचता आलं, त्या दिवशी जेवायचीही शुद्ध नव्हती. पण वस्तू एकही घरी आणलेली नाही आणि आणणार नाही.

माझं आजोळ बार्शीकडचं. कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबाने उभी केलेली, १८९७ साली धावू लागलेली अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट’ रेल्वे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी आली, हे मी आजीकडून शिकलो. जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की थांबा, खाली झुकला की या. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा व्हायचा, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबणार. आज चौकात लाल दिवा लागला की आपण ‘सिग्नल पडला’ म्हणतो, त्यात तो हात कुणाला आठवत नाही.

एका निवृत्त गेटमन काकांनी मला फाटकाची सगळी गंमत समजावून सांगितली. सिग्नलशी जोडलेलं फाटक असेल तर आधी दांडा खाली घ्यायचा, कुलूप लावायचं, मग ती किल्ली सिग्नलच्या खटक्यात. त्याशिवाय सिग्नल पडणारच नाही आणि सिग्नल पडलेला असताना किल्ली निघणार नाही. स्टेशन मास्तरशी फोनवर बोलणं व्हायचं ते प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण असलेला आकडा, देऊन-घेऊन आणि तो वहीत लिहून. पण माझ्या मनात राहिली ती घंटा. काकांच्या फाटकावर दांड्याचं हँडल फिरवायला लागलं की ती वाजायची. सुरुवातीला भरभर, मग हात भरून आला की सावकाश, शेवटी दोन सुटे ठोके. काका म्हणाले, ‘घरी झोपलेलो असलो तरी घंटेवरून कळायचं, ड्यूटीवर कोण आहे ते.’

हे ऐकून मी नुसते फोटो काढायचं थांबवलं. आता आधी रेकॉर्डर चालू करतो.

अशी घंटा दिवाणखान्यात नेली की उरतं ते पितळ. मी हे रागाने लिहीत नाही, मित्राचं प्रेम मला कळतं. पण फाटकाचा नंबर नसलेली, गाव नसलेली, वाजवणारा हात नसलेली घंटा काय सांगणार? शिवाय ती लिलावातून रीतसर आली नसेल तर १९६६ च्या कायद्याप्रमाणे रेल्वेची मालमत्ता बाळगणं हा गुन्हा आहे. मागणी वाढली की उभ्या फाटकावरचेही सुटे भाग गायब होतात, याचा विचार हौशी लोकांनी करायला हवा.

फाटकं बंद होतायत याला माझा विरोध नाही. ब्रॉडगेजवरची बिनरखवालीची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपली, हे फार चांगलं झालं. पडलेल्या दांड्याखालून मोटारसायकल आडवी करून, मागे लहान मूल बसवून नेणारी माणसं मी पाहिली आहेत. भुयारी रस्ता होऊ दे, उड्डाणपूल होऊ दे. पण बंद करण्याआधीचा एक दिवस नोंदीसाठी द्यायला काय हरकत आहे? भंगार म्हणून उचलण्याआधी नंबराच्या पाटीसकट चार फोटो, घंटेचा मिनिटभर आवाज, गेटमनचं दहा मिनिटं बोलणं. याला पैसा लागत नाही.

माझ्याकडूनही चूक झाली आहे. पहिल्या दोन वर्षांत मी किलोमीटर लिहिलेच नाहीत. एका फोटोत कडुलिंबाखालची गेटमनची खोली आहे, दारात बादली, भिंतीला हिरवा झेंडा टेकवलेला. ते फाटक कुठलं, हे मला आज सांगता येत नाही. फार वाईट वाटतं.

तुमच्या गावाजवळ हँडलचं फाटक अजून असेल तर रस्त्याच्या कडेला उभं राहून रेकॉर्ड करा. रुळांवर जाऊ नका, गेटमनला कामात असताना बोलण्यात गुंतवू नका, गाडी गेल्यावर विचारा. नंबर आणि तारीख फाइलच्या नावातच घाला.

मित्राला मी सांगितलंय, त्या भंगारवाल्याने तो माल कुठल्या लिलावातून उचलला ते विचारू. येत्या रविवारी आम्ही दोघे जातोय.