वाचलेलं एक वर्ष

तीन अधिक तीन पाच होतात. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिललाही ते मान्य आहे. आधी तीन वर्षांची पदवी, मग तीन वर्षांचं एलएलबी असा जुना रस्ता धरला तर सहा वर्षं जातात. बारावीनंतर थेट बीए एलएलबीला घुसलं तर दोन्ही पदव्या पाच वर्षांत पदरात. बंगळुरूच्या लॉ स्कूलची अशी पहिली तुकडी 1988 मध्ये बसली आणि हळूहळू हे लोण देशभर पसरलं. साताऱ्यात आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायला त्याला जरा उशीर झाला, इतकंच.

माझ्या लेकीने, सईने, हे गणित मांडलं आणि माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, ताबडतोब निकाल दिला, "वर्ष वाचतंय ना? मग घे."

पाहुण्यांना मात्र ते पचलं नाही. "सायन्सला होती ना?" हा प्रश्न प्रत्येकाने अशा सुरात विचारला, की पोरगी गणितात बरी असताना वकील होणं हाच मुळात गुन्हा असावा. बारावीला 45 टक्के असले की खुल्या गटातून या कोर्सला बसता येतं हे कळल्यावर तर एका मामांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात मार्क विचारले. ते 83 टक्के निघाल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं.

आधी क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची देशभरातली प्रवेश परीक्षा. फॉर्मचे 4000 रुपये, डिसेंबरातला रविवार, दोन तासांत 120 प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कट. त्या विद्यापीठांच्या याद्या लागल्या आणि आमचं नाव यायच्या बऱ्याच आधी संपल्या. मग राज्याची सीईटी. तिथे मार्क कापत नाहीत, शिवाय प्रश्न मराठीतही असतात. समोरचे वकीलकाका म्हणाले, "मग एकही प्रश्न सोडायचा नाही. आम्ही कोर्टात तेच करतो."

अभ्यासाची पुस्तकं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणली. सेकंडहँड होती, त्यामुळे त्यांत भारतीय दंड संहिता अजून जिवंत होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी न्याय संहिता आली आणि खुनाचं 302 झालं 103, फसवणुकीचं 420 झालं 318. वकीलकाकांना हे वैयक्तिक दुःख आहे. "अरे, चारशेवीस म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहायचा. तीनशेअठरा म्हटलं की वाटतं, स्वारगेटला जाणारी बस आहे."

लॉचा अभ्यास घरात एकटीला करता येत नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. वाचलेला खटला कोणाला तरी ऐकवावाच लागतो. सईने आजीला पेझली गावच्या कॅफेत गेलेल्या एका बाईंची गोष्ट सांगितली. 1928 साल, स्कॉटलंड, मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर आणि गडद काचेच्या बाटलीतून शेवटी बाहेर पडलेली कुजकी गोगलगाय. बाईंनी बाटली भरणाऱ्या कारखानदारावर दावा लावला आणि 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, सांगितलं, की अनोळखी गिऱ्हाइकाची काळजी घेणं हेही कारखानदाराचं कर्तव्य आहे. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई बिअर पीत होती?" पुढचा अर्धा तास आल्याच्या सरबतावर गेला. गोगलगाय बाजूलाच राहिली.

मला स्वतःला बाल्फोर विरुद्ध बाल्फोर, 1919, हा खटला आवडला. साहेब सिलोनला नोकरीला, बाईसाहेब तब्येतीमुळे इंग्लंडात. साहेबांनी महिना 30 पौंड पाठवायचं कबूल केलं, पुढे बिनसलं, बाई कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, नवराबायकोतल्या घरगुती बोलण्याला कराराचं बळ नसतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी दहावीच्या वेळी सईला लॅपटॉप कबूल केला होता. त्या संध्याकाळी मी शांतपणे बाल्फोरचा दाखला दिला. सई गप्प झाली. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, मग रोजच्या पोळ्यांचाही काही करार झालेला नाही आपला." लॅपटॉप त्याच आठवड्यात आला.

परीक्षा झाली, मार्क बरे पडले, आणि मग कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशासाठी, कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास असं तिन्ही गोष्टींना एका दमात पुरून उरणारं एक प्रमाणपत्र. त्यासाठी माळ्यावरून जुनी वीजबिलं काढली. भरताना आलेला राग परत आला.

खरा घोटाळा माझ्या नावात निघाला. गुणपत्रिकेवर सईचा बाप दत्तात्रय, अधिवासावर दत्तात्रेय. काउंटरवरच्या पोराने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे दोघं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागेल." मग मी नोटरीसमोर उभा राहिलो आणि मी व मी एकच असल्याचं शपथेवर सांगितलं. जे पटवायला शंकराचार्यांना भाष्यं लिहावी लागली, ते इथे एका शिक्क्यात उरकलं.

फोटोचं काय सांगू! मोठा असला तर पोर्टल घेत नाही, आणि घेईल इतका लहान केला की सई वीस वर्षांपूर्वीच्या दूरदर्शनवरच्या बेपत्ता व्यक्तींसारखी दिसायची.

पसंतीक्रम भरायचा दिवस सर्वांत वाईट. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून पहिल्या ओळीवरून घरात फूट पडली. वकीलकाका मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयासाठी अडून बसले: 1855 ची संस्था, 1935 मध्ये खुद्द बाबासाहेब प्राचार्य, आणखी काय हवं? हिचं म्हणणं, आणखी लोकलमध्ये उभं राहायला जागा हवी. सईला 1924 चं पुण्याचं आयएलएस हवं होतं. आजीचं मत घराजवळच्या कॉलेजला होतं, पण आयएलएसमध्ये यशवंतराव चव्हाण शिकले होते एवढं ऐकल्यावर तिने पक्ष बदलला. "कराडचा माणूस तिथं गेला, तर साताऱ्याची पोरगी का नको?"

शेवटी दुसऱ्या फेरीत पुण्यातलं एक कॉलेज लागलं. यादीत जरा खाली लिहिलेलं, पण पुणं ते पुणं.

त्या रात्री आजीने कपाटातून एक पिशवी काढून सईपुढे ठेवली. आत सातबारा, फेरफार आणि चुलतभावाने बांध कोरून बळकावलेल्या जमिनीची सगळी कथा. एवढी वर्षं ती "घरचा वकील झाला की बघू" म्हणून थांबलेली. सईने कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "आजी, बांध कोरून किती वर्षं झाली?"

"नऊ."

"कब्जा परत मागायला बारा वर्षांची मुदत असते. मी वकील होईन तोवर चौदा होतील. आत्ताच वकीलकाकांकडून दावा लावून टाक."

वकीलकाका खुर्चीत सावरून बसले. आजीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या फीचा अंदाज घेतला आणि पिशवीची नाडी परत बांधली.

"सईबाई," ती म्हणाली, "सहाचे पाच केलेत ना त्यांनी? उद्या कॉलेजात जाऊन विचार, पाचाचे तीन कितीला करतात."