‘आधी पथ्य, मग इन्सुलिन’? कुत्र्याच्या बाबतीत नाही

कुत्र्याला डायबेटिस निघाला हे चार जणांना कळलं, की त्यातला एक जण हा मेसेज पाठवतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं: गोड खाल्ल्यामुळे साखर वाढली आहे, तेव्हा जेवण निम्म्यावर आणा आणि एखादं चूर्ण महिनाभर देऊन बघा. इन्सुलिनची घाई करू नका, त्याची सवय लागते, त्याने कुत्रा आंधळा होतो, आणि एवढं करून तो वर्षभरात जातोच.

आमच्या चिंगीच्या वेळी मला हा तीन जणांनी पाठवला, तिघांनीही काळजीपोटीच. तरीही त्यातला एकेक मुद्दा खोडून काढणं भाग आहे, कारण एका मुद्द्यापायी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

तो मुद्दा म्हणजे महिनाभर थांबण्याचा. हा सल्ला माणसांच्या टाइप २ डायबेटिसवरून उचललेला आहे. तिथे शरीरात इन्सुलिन तयार होत असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. म्हणून पथ्य, व्यायाम, गोळ्या यांचा उपयोग होतो. मांजरांचा आजारही बराचसा त्याच वळणाचा. वेळेत उपचार झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. कुत्र्याचं तसं नाही. त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच बहुतेक वेळा नष्ट झालेल्या असतात, कधी शरीराच्या स्वतःच्याच हल्ल्याने, कधी स्वादुपिंडाला आलेल्या सुजेने. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माणसांना स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेणाऱ्या गोळ्या देतात, त्या इथे याच कारणाने निरुपयोगी ठरतात. चूर्णाची तर गोष्टच सोडा.

गंमत म्हणजे ही समज आपल्याला कुत्र्यांमुळेच आली. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या डॉक्टरांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला डायबेटिस झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी अशाच कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचून त्यांची साखर खाली आणली. माणसाला पहिलं इंजेक्शन मिळालं ते त्यानंतर, १९२२ च्या जानेवारीत.

थांबलं तर काय होतं? साखर रक्तात साठते, पण पेशींपर्यंत पोहोचत नाही. शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून निघणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात साचतात. आधी कुत्रा भरपूर पाणी पितो, हावरटासारखा खातो, त्यामुळे ‘खातोय की छान’ असं वाटत राहतं, फक्त वजन उतरत जातं. मग एक दिवस तो खाणं सोडतो, उलट्या करतो, मलूल पडतो. काहींच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. त्या टप्प्यावर सलाइन लावून दवाखान्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तरीही तो वाचेलच असं नाही.

गोड खाल्ल्यामुळे झालं? नाही. गोड बंद करावं हे बरोबरच, पण म्हणून आधी दिलेल्या बिस्किटांबद्दल स्वतःला बोल लावून घेऊ नका.

सवय लागते म्हणणं म्हणजे भूक लागल्यावर जेवलं तर जेवणाची सवय लागते म्हणण्यासारखं आहे. बहुतेक कुत्र्यांना इन्सुलिन जन्मभर लागतं, हे खरं. एक अपवाद मात्र आवर्जून सांगायला हवा. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन चढलेलं असतं. त्यामुळे स्तनग्रंथींतून ग्रोथ हॉर्मोन स्रवतं आणि ते इन्सुलिनचं काम अडवतं. अशा मादीची नसबंदी लवकर झाली तर डायबेटिस जाऊही शकतो. म्हणून डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत विचारा. स्टेरॉइडची गोळी किंवा मलम चालू असेल तर तेही सांगा.

आता डोळे. डायबेटिस झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, चांगले उपचार चालू असले तरी. पण त्याला इन्सुलिन नव्हे, साखर कारणीभूत असते: ती डोळ्यातल्या भिंगात शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल होतं, ते पाणी ओढून घेतं आणि भिंग पांढरं पडतं. इंजेक्शन आधी सुरू झालेलं असतं, डोळे नंतर पांढरे होतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पडदा शाबूत असेल तर शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकते. डोळा लाल दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

जेवण निम्मं करण्याचा सल्ला दुहेरी घातक आहे. एक तर कुत्रा आधीच खंगलेला असतो. दुसरं, इन्सुलिनचा डोस जेवणाच्या हिशेबाने बसवलेला असतो. तेच अन्न, तेवढंच, साधारण बारा तासांच्या अंतराने दोनदा, आणि त्याला जोडून इंजेक्शन, अशी ती घडी असते. खाल्लंच नाही तर पूर्ण डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. आणि ‘शुगर-फ्री’ खाऊच्या नादाला लागू नका: त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, असेल तर कुत्र्याची साखर झपाट्याने कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं.

मेसेजला खरंच भीती घालायची होती, तर सिरिंजची घालायला हवी होती. इन्सुलिन यू-४० आणि यू-१०० अशा दोन ताकदींत मिळतं आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये भरलं, तर खुणेपेक्षा अडीच पट डोस जातो. बाटली आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून बघा. मी तर मोठ्याने वाचते. घरचे हसतात, हसोत. डोस जास्त झाला तर कुत्रा झोकांड्या देतो, थरथरतो, झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. झटका चालू असताना तोंडात काही ओतायचं नाही.

वर्षभरात जातोच, हेही खोटं. पहिले काही महिने नाजूक असतात, डोस बसायलाही वेळ लागतो. ते निभावलं की पुष्कळ कुत्री काही वर्षं मजेत काढतात.

राहता राहिली टोचण्याची धास्ती. सुई केसासारखी बारीक असते, पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरून टोचायची. चिंगी ताटलीतून तोंडही वर काढत नाही. एखाद्या दिवशी सुई निसटून केस ओले होतात आणि किती आत गेलं ते कळत नाही. तेव्हा अंदाजाने दुसरं टोचू नका, पुढच्या वेळी नेहमीचाच डोस द्या. एका वेळची साखर चढली तर निभावतं, दुप्पट डोस निभावेलच असं नाही.