अक्षर सुंदर आहे हो तुमचं

आज सकाळी भाचीचा फोन आला. ती एका खासगी खाद्यपदार्थ कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करते. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख छापली जाते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तिने विचारले एवढेच की, "मामा, तक्रार करू ना?" इथे भ्रष्टाचारावर लांबलचक लिहिणारा मी तिला म्हणालो, "आधी दुसरी नोकरी बघ, आणि केलीसच तक्रार तर नाव घालू नकोस." फोन ठेवल्यापासून स्वतःचाच राग येतो आहे.

माझे वडील एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या प्रत्येक गाडीमागे काही किलो गिळणारी काटामारी त्यांना सहन होईना, म्हणून एका गळीत हंगामात त्यांनी सरकारी कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तीन आठवड्यांनी कार्यकारी संचालकांनी बोलावले, तेव्हा तेच पत्र, त्या कार्यालयाच्या आवक शिक्क्यासह, त्यांच्या टेबलावर होते. साहेब रागावले नाहीत; फक्त म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं." पुढच्या सोमवारी बाबांची बदली चाळीस किलोमीटरवरच्या गट कार्यालयात झाली.

सत्येंद्र दुबे यांच्या पत्राचेही हेच झाले. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल या अभियंत्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना लिहिले, नाव गुप्त ठेवा असे कळवले, आणि ते पत्र नावासकट खात्याखात्यांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयाने शिक्षा दिली ती लुटारूंना, हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको; पण नाव फोडणाऱ्यांचे काय?

त्यानंतर केंद्राने २००४ मध्ये एक ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या, आणि पुढे जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर होऊन मे २०१४ मध्ये त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. तो अद्याप लागू झालेला नाही. इतक्या वर्षांत एक अधिसूचना काढायला कुणाला सवड मिळाली नाही! उलट २०१५ मध्ये त्यालाच कात्री लावणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने तत्परतेने संमत केले. ते राज्यसभेत अडकून बारगळले, हे आपले नशीब. निनावी तक्रार या कायद्याला चालतच नाही. म्हणजे नाव आधी द्यायचे आणि ते जपण्याचे वचन मात्र राजपत्रातच पडून राहणार.

खोट्या तक्रारी होतात, सूडापोटीही होतात, हे मान्य. त्यासाठी त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे, आणखी काय हवे?

माझ्या भाचीला तर तो उद्या लागू झाला तरी उपयोग नाही, कारण तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. कंपनी कायद्यातील दक्षता यंत्रणेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांना गैरप्रकार कळवता यावेत अशी सोय ठेवण्याचे, बंधन मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या किंवा मोठी कर्जे असलेल्या कंपन्यांना आहे. तिची कंपनी यांपैकी कशातच बसत नाही. तिथे मालक, मालकाचा मेहुणा आणि तारीख छापायचे यंत्र, एवढीच काय ती व्यवस्था.

गावच्या जागल्याला रात्री ओरडल्याबद्दल निदान बलुते तरी मिळत असे.

लिहिता लिहिता राग ओसरला आहे, आणि आठवतात ते बाबांचे हात. त्या बदलीपूर्वी अर्धी आळी आपले अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायची. नंतर कुणी कागद घेऊन आले, तर ते म्हणत, "चष्मा सापडत नाही." चष्मा खिशात असायचा. त्यांनी त्या पत्राबद्दल कधी पश्चात्ताप व्यक्त केला नाही, पण मी नोकरीला लागलो तेव्हा मला दिलेला एकमेव सल्ला होता, "कुठेही लेखी काही देऊ नकोस." आज सकाळी भाचीशी मी नव्हे, तेच बोलले असावेत.

तासाभरापूर्वी तिने तक्रारीचा मसुदा पाठवला, "मामा, शुद्धलेखन तेवढे बघा" असे लिहून. खाली पूर्ण नाव, पद आणि मोबाइल क्रमांक आहे. शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आहेत. नाव खोडलेले नाही, आणि मसुदा अजून परत पाठवलेलाही नाही.